वॉरक्राफ्ट क्लासिक: ड्रुइडची लेव्हल न थांबता कशी वाढवावी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारं पात्र) लेव्हल वाढवताना रेंगाळतो, अशी तक्रार सगळीकडं ऐकू येते. पहिल्या २० लेव्हलपुरती ती खरी आहे. पुढं मात्र गणित बदलतं. मेज (जादूगार) जोरात मारतो, पण थोडे मॉब (गेमनं चालवलेले शत्रू) मारले की माना, म्हणजे मंत्रांची शक्ती, भरायला पाणी पीत बसतो. ड्रुइडचा मार मध्यम असतो, पण त्याला बसावं लागत नाही. तो वेग मिळवायचा असेल तर खाली दिलेल्या क्रमानं जा.

१ ते ९: काठीची लाज बाळगू नका

गेममधल्या दोन गटांपैकी हॉर्डमध्ये टॉरेन आणि अलायन्समध्ये नाइट एल्फ, ड्रुइडसाठी एवढे दोनच वंश आहेत. टॉरेनला ५ टक्के जास्त आरोग्य आणि वॉर स्टॉम्प मिळतो. दोन सेकंद शत्रू सुन्न झाले की तेवढ्यात हीलिंग सुरू करता येतं. एकट्यानं खेळणाऱ्याला याचा चांगला आधार होतो.

प्रत्येक लढाईआधी अंगावर मार्क ऑफ द वाइल्ड (३० मिनिटं) आणि लेव्हल ६ पासून थॉर्न्स (१० मिनिटं) आहे ना, ते बघा. लांबून रॅथ हा मंत्र दोन-तीनदा मारा. मॉब जवळ आला की एक मूनफायर टाका आणि उरलेलं काम काठीनं संपवा. नवखे इथंच चुकतात. मॉबमध्ये चार फटक्यांचा जीव उरलेला असतानाही ते रॅथ सोडत राहतात. माना खर्च केल्यावर पाच सेकंद स्पिरिट या गुणामुळं होणारी मानाची भर थांबते. त्यामुळं शेवटचा रॅथ दोनदा महाग पडतो: त्याचा माना जातो आणि वर भरही थांबते.

१० ते १९: अस्वलाची वर्षं

लेव्हल १० ला ट्रेनरकडून अस्वलाचं रूप देणारी क्वेस्ट (कामगिरी) घ्या. टेलिपोर्ट: मूनग्लेड हा मंत्रही तेव्हाच मिळतो. मूनग्लेडमध्ये अस्वलाच्या आत्म्याला भेटायचं, मग लुनाक्लॉला मारायचं. हॉर्डसाठी तो बॅरन्समध्ये सापडतो, अलायन्ससाठी डार्कशोअरमध्ये.

अस्वलाच्या फटक्यांना माना नाही, रेज लागतो, आणि तो शून्यापासून सुरू होतो. म्हणून आधी माणसाच्या रूपात लांबून रॅथ आणि मूनफायर मारा, मॉब पोचता पोचता अस्वल व्हा आणि मॉल हा फटका दाबा. लेव्हल १२ चा एनरेज (रेज वाढवणारा) लढाईच्या आधी वापरा. तो चिलखत कमी करतो, त्यामुळं दोन मॉब अंगावर असताना दाबला तर उलटतो. आरोग्य उतरलं तर एन्टँगलिंग रूट्स (शत्रूला जागीच बांधणारा मंत्र) टाकून मागं सरा आणि हीलिंग टच घ्या. रूट्स फक्त उघड्यावर लागतात, गुहेत नाहीत. गुहेत शिरण्याआधी हे लक्षात ठेवा.

लेव्हल १६ ची पाण्यातल्या रूपाची क्वेस्ट लांबलचक आहे. हॉर्डला सिल्व्हरपाइनपर्यंत जावं लागतं, अलायन्सला वेस्टफॉलपर्यंत. नुसत्या वेगाचा विचार केला तर ती पुढं ढकलली तरी चालते.

२०: इथून खरा खेळ

मांजराचं रूप क्वेस्टशिवाय थेट ट्रेनरकडं मिळतं. मांजर एनर्जीवर लढतं, मानावर नाही. म्हणजे तुम्ही पंजे मारत असताना मानाची टाकी मागं आपोआप भरत असते. मराठवाड्यात टाकीचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. नळाला पाणी आलं आणि टाकी आधीच भरलेली असेल, तर आलेलं पाणी वाहून जातं. मानाचंही तसंच आहे. माना पूर्ण भरला की पुढची भर वाया जाते.

म्हणून नियम असा: आरोग्य निम्म्यावर येईपर्यंत किंवा माना ८०-९० टक्के होईपर्यंत मांजर राहा. मग दोन मॉबच्या मधे माणूस व्हा, रिजुव्हनेशन आणि गरज असेल तर रिग्रोथ हे हीलिंगचे मंत्र घ्या, संपलेले बफ (मार्क, थॉर्न्स) टाका आणि पुन्हा मांजर व्हा. रिजुव्हनेशन १२ सेकंद काम करतं, तेवढ्यात तुम्ही पुढच्या मॉबपाशी पोचलेले असता. रूप बदलायला माना बराच लागतो. त्यामुळं एकदा मांजर होण्याइतका माना कायम शिल्लक ठेवूनच हील करा. तो संपला तर माणसाच्या रूपात अडकता आणि शेवटी बसून पाणी प्यावं लागतं, म्हणजे सगळा फायदाच गेला.

भर लढाईत माणूस होऊन हील करणं ही सगळ्यात महागडी चूक. रूप बदलण्याचा माना जातो, हीलचा जातो, आणि मार खाताना मंत्रही लांबतो. जीवावरच बेतलं तर करा, सवय म्हणून करू नका.

कुठला पंजा, केव्हा

एनर्जी १०० पर्यंत साठते आणि दर दोन सेकंदांना २० नं वाढते. क्लॉ या पंजाला ४५ लागते. फेरॉसिटी या टॅलेंटचे पाचही पॉईंट घेतले की ती ४० होते, म्हणजे २० चे नेमके दोन ठोके. म्हणून लेव्हल १० ते १४ ला मिळणारे पाचही पॉईंट फेरॉसिटीतच घाला.

लेव्हल २४ ला रक्तस्राव करणारा रेक मिळतो. मोठ्या आरोग्याच्या मॉबवर तो आधी टाका. एलिमेंटल आणि यांत्रिक शत्रूंना रक्तस्राव होत नाही, तिथं रेक-रिपवर एनर्जी घालवू नका. रिपचा परिणाम १२ सेकंद चालतो. साधा मॉब त्याआधीच मरतो, त्यामुळं लेव्हल वाढवताना त्याचा फारसा उपयोग नाही. ३२ ला फेरोशियस बाइट आला की चार-पाच कॉम्बो पॉईंटवर (हे पंजे मारून साठतात) तो वापरा. बाइटला ३५ एनर्जी लागते आणि उरलेली सगळी तो गिळतो, म्हणून एनर्जी ३५ च्या आसपास असतानाच दाबा. टायगर्स फ्युरी (थोडा वेळ मार वाढवणारा) लढाईच्या मधे दाबण्यात अर्थ नाही. मॉबकडं जाताना दाबला तर पोचेपर्यंत एनर्जीची थोडी भरपाई होते.

टॅलेंटमध्ये घाई करावी अशी एकच जागा आहे: फेलाइन स्विफ्टनेस. २० आणि २१ ला त्याचे दोन पॉईंट घ्या, मांजर उघड्यावर ३० टक्के जास्त वेगानं पळतं. त्यानंतर शार्पन्ड क्लॉज, ब्लड फ्रेन्झी, प्रेडेटरी स्ट्राइक्स. सगळे पॉईंट फेरल या टॅलेंटच्या झाडातच (मांजर-अस्वलाचं) घातले तर ४० ला लीडर ऑफ द पॅक मिळतो. हीलिंगच्या झाडात मधेच हात घातला तर तो लांबतो.

शस्त्राचा डॅमेज मांजराला लागत नाही. चकचकीत गदेपेक्षा ताकद देणारी काठी बरी. मांजराला १ स्ट्रेंग्थमागं २ अटॅक पॉवर मिळते आणि १ अ‍ॅजिलिटीमागं १, शिवाय अ‍ॅजिलिटीनं क्रिटही (दुप्पट फटक्याची शक्यता) वाढतो. लिलावात नावात ‘ऑफ द टायगर’ किंवा ‘ऑफ द मंकी’ असलेलं चामड्याचं चिलखत शोधा.

मॉब आणि आराम

आपल्याच लेव्हलचा मॉब लेव्हल गुणिले ५ अधिक ४५ इतका अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) देतो. लेव्हल २० ला १४५. दोन लेव्हल वरचा १५९ देतो आणि दोन खालचा साधारण ११८. वरच्या मॉबवर फटके चुकतात, आणि जास्तीचे १४ गुण त्यातच खर्ची पडतात. म्हणून आपल्या बरोबरीचे किंवा एक लेव्हल खालचे मॉब निवडा.

दिवसभर कॉलेज किंवा दुकान आणि रात्री दोन तास गेम, असा क्रम असेल तर खेळ थांबवताना पात्र नेहमी सराईत उभं करा. तिथं दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के इतका आराम साठतो, कमाल दीड लेव्हल. रानात उभं ठेवलं तर त्याचा चौथा हिस्सा. आरामाचा अनुभव फक्त मारण्यावर दुप्पट होतो, क्वेस्टच्या बक्षिसावर नाही.

लाईट आणि पिंग

उन्हाळ्यात लाईट जाते, आणि ती विचारून जात नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, तो फार कमी वीज खातो. डेस्कटॉपला निदान छोटा यूपीएस तरी हवा. कनेक्शन तुटलं तरी पात्र लगेच गायब होत नाही, काही काळ तिथंच उभं राहतं. सराईबाहेर नेहमीच्या पद्धतीनं बाहेर पडायलाही २० सेकंद लागतात, सराईत मात्र तत्काळ. त्यामुळं लाईट लुकलुकायला लागली आणि लढाई चालू नसेल, तर आधी मांजर होऊन प्राउल (अदृश्य होणं) दाबा. दिसतच नाही त्याला मॉब सहसा छेडत नाहीत.

सर्व्हर परदेशात असल्यामुळं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ) जास्त लागतो. पण एनर्जीचा ठोका दोन सेकंदांचा आहे, त्यामुळं पाव सेकंदाच्या उशिरानं मांजराचं काही अडत नाही.

ये-जा

मंत्र सम लेव्हलला मिळतात. हार्थस्टोन (ठरवलेल्या सराईत परत नेणारा दगड) चालू भागातल्या सराईला बांधून ठेवा. टेलिपोर्टनं मूनग्लेडला जा, तिथल्या ट्रेनरकडं शिका, हार्थस्टोननं परत या. जाणं-येणं मिळून मिनिटभराचं काम. हार्थस्टोन तासातून एकदाच चालतो, म्हणून दोन लेव्हलचं शिक्षण एकत्र उरका.

लेव्हल ३० ला ट्रॅव्हल फॉर्म मिळतो: ४० टक्के जास्त वेग, आणि फुकट. म्हणून ४० चं स्वारीचं जनावर (नाइट एल्फचा वाघ किंवा टॉरेनचा कोडो) घेण्यासाठी सोनं जमवत महिनाभर त्याच भागात अडकू नका. त्याचा वेग ६० टक्के जास्त असला तरी चढायला तीन सेकंद लागतात, आणि ट्रॅव्हल फॉर्म क्षणात लागतो. जवळच्या दोन मॉबमध्ये तोच पुढं राहतो.

डंजनला (गटानं करायची मोहीम) बोलावणं आलं तर फेरल ड्रुइड अस्वल होऊन टँकही (गटासाठी समोरून मार झेलणं) करतो आणि वेळ पडल्यास हीलही. हॉर्डनं वेलिंग कॅव्हर्न्स हे डंजन सोडू नये, कारण वायपरचा चामडी संच तिथलाच आहे. जाण्याआधी पिशवीत मेपल सीड असू द्या, कारण लेव्हल २० चा रीबर्थ (मेलेल्याला उठवणारा मंत्र) त्याशिवाय चालत नाही. आणि टँक मेल्यावर ‘बी आणायचं राहिलं’ असं सांगणारा ड्रुइड पुढच्या वेळी बोलावला जात नाही.