सीताबर्डीच्या गर्दीत सार्वजनिक वायफाय कसे बसवावे

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील मुख्य रस्त्यावरील कोणताही दुकानदार पीएम-वाणी योजनेतून ग्राहकांना सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत दुकानदाराला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही; ग्राहकाची ओळख पडताळणे आणि हिशेब ठेवणे ही कामे त्याच्याशी करार केलेली, अनेक दुकानांचे वायफाय सांभाळणारी कंपनी म्हणजे अ‍ॅग्रिगेटर पाहतो. अवघड भाग आहे तो वायफायचे यंत्र कुठे आणि कसे लावायचे, हा.

सिग्नलची मोजणी रविवारी संध्याकाळी, फेरीवाले बसल्यावर आणि रस्ता माणसांनी भरल्यावर करावी. मी पहिल्यांदा ती सकाळी, शटर उघडण्याआधी केली होती. समोरच्या फुटपाथवर तेव्हा उणे ६० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) दिसले, आणि संध्याकाळी त्याच फरशीवर उणे ७८. माणसाच्या शरीरात पाणीच अधिक असल्याने ते या लहरी शोषून घेते, म्हणून मोजताना यंत्राकडे पाठ करून, फोन छातीशी धरून चालावे. उणे ६७ च्या आसपास मिळाले तर काम भागते.

यंत्र डोक्यांच्या वर, साधारण तीन ते चार मीटरवर, रस्त्याकडे किंचित झुकवून लावावे; पत्र्याच्या पाटीमागे मात्र कधीही लपवू नये. सिग्नल कमी पडला की शक्ती वाढवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण यंत्राचा सिग्नल फोनपर्यंत पोचला तरी फोनचा क्षीण सिग्नल परत यंत्रापर्यंत पोचत नाही, आणि शेजारच्या दुकानांच्या वायफायला त्रास होतो तो वेगळाच. त्याऐवजी मध्यम शक्तीचे दुसरे यंत्र थोड्या अंतरावर बसवावे. २.४ गिगाहर्ट्‌झ या लहरींच्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी कमी वापरातला चॅनल (पट्ट्याचा क्रमांकित भाग) निवडावा. जवळच्या ग्राहकांसाठी ५ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवावे, त्या पट्ट्यात जागा मोकळी असते. यंत्राच्या सेटिंगमधले अगदी मंद जुने वेग बंद करावेत, नाहीतर लांब उभा असलेला एकच फोन सगळ्यांचा वेळ खातो.

प्रत्येक ग्राहकाला २ एमबीपीएसची मर्यादा घातली, तरी यूपीआय आणि नकाशा व्यवस्थित चालतात.

नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन यंत्र उन्हात ठेवण्याजोगे घ्यावे आणि सावलीत लावावे. इन्व्हर्टरवर केवळ राउटर जोडू नये, इंटरनेटची फायबर केबल ज्यात येते तो डबाही जोडावा. अन्यथा वीज गेल्यावर वायफाय दिसत राहते, इंटरनेट मात्र नसते.