ब्रिस्बेनमध्ये नदीकाठचं टाउनहाऊस बघायला जाताय?

गेल्या शनिवारी नुकताच पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालेल्या एका जोडप्याबरोबर वेस्ट एंडमधलं टाउनहाऊस बघायला गेलो होतो. तीन मजली, खाली गॅरेज, मधे स्वयंपाकघर आणि बाल्कनी, वर बेडरूम. ती दोघं ओट्याच्या दगडावर हात फिरवत होती, मी गॅरेजमधली विजेची बटणं किती उंचीवर आहेत ते बघत होतो. चांगली छातीएवढ्या उंचीवर होती. म्हणजे बांधणाऱ्याला पुराच्या पाण्याची आठवण होती.

मी सांगलीचा. पाऊस लागला की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे सकाळचा चहा होत नाही. 2019 मध्ये ते 57 फुटांवर गेलं. इथं तोच हिशोब शहरातल्या मोजपट्टीवर मीटरमध्ये करतात: 1974 मध्ये 5.45, जानेवारी 2011 मध्ये 4.46, फेब्रुवारी 2022 मध्ये 3.85. चौऱ्याहत्तरनंतर नदीवर वरच्या अंगाला विव्हनहो धरण झालं, आता काळजी नाही, असं 2011 पर्यंत इथले जुने लोकही सांगायचे. त्या वर्षी मी भाड्याच्या घरात होतो. आमच्या गल्लीत नदी काठ ओलांडून आलीच नाही, ती पावसाळी गटारातून उलटी वर आली. त्यामुळे ‘नदी दोन गल्ल्या लांब आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. (वेस्ट एंडमध्ये नदीकडे उतरणाऱ्या एका रस्त्याचं नावच हुगळी आहे. हसू नका, त्या उतारावर घर बघत असाल तर आधी पातळी बघा.)

ब्रिस्बेन सिटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘फ्लडवाइज प्रॉपर्टी रिपोर्ट’ फुकट मिळतो. पत्ता टाकला की जमिनीची आणि पुराची पातळी समोर येते. आपल्याकडची पूररेषा, पण घरागणिक. हे काम तुम्हालाच करायचंय. 1 ऑगस्ट 2025 पासून विकणाऱ्यानं सह्यांआधी घराची माहिती लेखी देणं सक्तीचं झालंय, पण घरात कधी पाणी शिरलं होतं का, हे त्यात सांगायचं बंधन नाही. एजंट गोडच बोलेल. तो विकणाऱ्याचा माणूस, दलालीही विकणाराच देतो.

माझं मत विचाराल तर तळमजल्यावर नुसतं गॅरेज असेल तर चालेल. पाण्याचा इशारा आला की गाडी चढावर नेऊन लावायची. पण त्याच गॅरेजचा कोपरा बंद करून ‘चौथी बेडरूम’ केली असेल आणि किंमत चार बेडरूमची लावली असेल, तर नको.

टाउनहाऊस म्हणजे दिसायला आपलं रो-हाऊस, कारभार मात्र सोसायटीचा. सोसायटीला इथं बॉडी कॉर्पोरेट म्हणतात, मेंटेनन्सला लेव्ही. सिंकिंग फंडाचं (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या शिलकीचं) नाव तेच, आणि तो रिकामा असण्याची सवयही तीच. आम्ही बॉडी कॉर्पोरेटच्या सभांची मागची इतिवृत्तं न वाचता घर घेतलं आणि सहा महिन्यांत छपराच्या कामासाठी जादा वर्गणी भरली. तुम्ही ती इतिवृत्तं मागवा, सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) वाचून घ्या. इमारतीचा विमा बॉडी कॉर्पोरेट काढते. त्यात पूर धरलाय का आणि नुकसानीतली पहिली किती रक्कम आपल्या अंगावर येते, हे दोन प्रश्न विचाराच. वाळवीची तपासणी टाळू नका.

लिलावात बोली लागली की मागे फिरता येत नाही. साध्या करारात कामाचे पाच दिवस विचाराला मिळतात, त्यात माघार घेतली तर किमतीच्या 0.25 टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेता येते. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर 1 एप्रिल 2025 पासून जुनं, म्हणजे रिसेलचं घर घेण्यावर बंदी आहे, सवलती मोजक्याच. तेव्हा पीआर येईपर्यंत याच भागात भाड्यानं राहा. सिटीकॅट बोटीनं 50 सेंटमध्ये कामावर जाता येतं, आणि मुलांसाठी ब्रिस्बेन स्टेट हाय या सरकारी शाळेची प्रवेशाची हद्द नेमकी कुठपर्यंत आहे तेही कळतं. इथल्या किमती निम्म्या त्या शाळेमुळेच चढलेल्या असतात.

त्या जोडप्याचं अजून ठरत नाहीये. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी ऊन पडल्यावर जाऊ नका, धो धो पाऊस असताना छत्री घेऊन जा आणि गॅरेजच्या दारात अर्धा तास उभे राहा.