खालच्या विभागातील विंगरची छोटी कारकीर्द कशी नोंदवावी

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून फुटबॉल पाहणाऱ्या कोल्हापूरकराला 'लेफ्ट आऊट' म्हणजे डाव्या कडेने खेळणारा आघाडीचा खेळाडू, हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र आपल्याच तालमीच्या संघाकडून दोन-तीन हंगाम खेळून नोकरीला लागलेल्या लेफ्ट आऊटची कारकीर्द कागदावर मांडायला घेतली की पहिल्याच ओळीला हात अडतो. असे काम करू इच्छिणाऱ्याने आधी इंग्लंडच्या खालच्या विभागातील एखाद्या विस्मृतीत गेलेल्या विंगरवर, म्हणजे डाव्या वा उजव्या कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूवर, हात बसवून घ्यावा, कारण तिथे कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत आणि चूक झाली तर ती सापडते.

प्रथम पूर्ण नाव आणि जन्मतारीख पक्की करावी. एकाच आडनावाचे दोघे एकाच क्लबमध्ये असणे ही तिकडेही नित्याची गोष्ट आहे.

त्यानंतर विभाग तपासावा, आणि इथे घाई करू नये. १९२१ पासून १९५८ पर्यंत इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील 'थर्ड डिव्हिजन' (तिसरा विभाग) उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत विभागलेली होती. १९५८ साली त्यांतून तिसरा व चौथा असे विभाग झाले. १९९२ साली सर्वांत वरची पातळी प्रीमियर लीग म्हणून वेगळी झाल्यावर जुन्या तिसऱ्याला 'सेकंड डिव्हिजन' हे नाव मिळाले, आणि २००४ पासून तीच पातळी 'लीग वन' म्हणून ओळखली जाते. म्हणजे १९९५ साली 'थर्ड डिव्हिजन'मध्ये खेळलेला खेळाडू प्रत्यक्षात चौथ्या पातळीवर होता. विभागाच्या नावाबरोबर पातळीही लिहावी, हे उत्तम.

खेळाडूची मैदानावरची जागा ठरवताना पाठीवरच्या क्रमांकाचा आधार घेता येतो. लीगने १९३९ साली क्रमांक सक्तीचे केले, तेव्हा ७ म्हणजे उजवी बाजू आणि ११ म्हणजे डावी बाजू असे सरळ होते. १९६६ साली इंग्लंडने विंगरविना विश्वचषक जिंकला आणि पुढे अनेक संघांत ११ क्रमांकाचा खेळाडू मधल्या फळीत दिसू लागला, त्यामुळे त्या काळापासून पुढे सामन्याचे वृत्त वाचल्याखेरीज 'विंगर' हा शब्द लिहू नये.

लीगचे आणि कपचे सामने वेगवेगळे मोजावेत. बदली खेळाडूची मुभा १९६५-६६ च्या हंगामात, तीही प्रथम केवळ दुखापतीपुरती, मिळाली. त्यामुळे त्याआधीच्या खेळाडूसाठी बदलीचा रकाना काढण्याचे कारण नाही. मी स्वतः एकदा १९३९-४० च्या हंगामातील सामने एकूण बेरजेत धरले होते. युद्धामुळे तो हंगाम सुरुवातीलाच थांबला आणि ते सामने अधिकृत नोंदीतून वगळले गेले, हे कळल्यावर सगळी बेरीज नव्याने करावी लागली.

कारकीर्द का संपली, हा सर्वांत नाजूक भाग आहे. जानेवारी १९६१ पर्यंत तिथे आठवड्याला कमाल २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे, आणि करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लब आपल्याकडे अडकवून ठेवू शकत असे. त्या पद्धतीला १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्याने धक्का दिला. म्हणून एखादा विंगर तेविसाव्या वर्षी लीगबाहेरच्या क्लबकडे गेला, एवढ्यावरून त्याला अपयशी ठरवू नये. पुरावा नसेल तर 'यानंतर लीगमध्ये खेळला नाही' असे लिहून थांबावे. 'दुखापतीमुळे' हा शब्द आपल्याकडेही फार सहज पडतो.

एवढा सराव झाला की आपल्या पेठेतल्या खेळाडूच्या घरी जावे आणि गोल किती केले हे विचारण्याआधी कात्रणांची वही मागावी. पेठापेठांतली ईर्षा आठवणीतल्या गोलांची संख्या वाढवते, हे मनात ठेवावे. बोलून दाखवू नये. बहुतेक कात्रणांवर तारीख नसते, कारण बातमी कापताना वरची ओळ गेलेली असते. अशा वेळी कात्रण चिकटवलेले नसेल तर उलटून पाहावे. मागे एखाद्या चित्रपटगृहाची अर्धी जाहिरात निघाली, तर निदान वर्षाचा अंदाज बांधता येतो, आणि तो वहीत पेन्सिलीने लिहावा.