एका पीसीला दोन-तीन मॉनिटर लावताना
सगळ्यात आधी पीसी बंद करा आणि मागे नीट बघा, वरच्या बाजूला यूएसबीजवळ जो एचडीएमआय पोर्ट असतो तो मदरबोर्डचा (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डाचा), त्यात केबल लावायची नाही, खाली आडवे पोर्ट दिसतात ते ग्राफिक्स कार्डचे (स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाचे), सगळे मॉनिटर तिथेच लावा. बऱ्याच कार्डांना ४ पर्यंत चालतात. डिस्प्लेपोर्टची (एचडीएमआयसारखाच मॉनिटरचा दुसरा पोर्ट) केबल काढताना मात्र जपून, तिच्या तोंडावर बहुतेक वेळा छोटं बटण असतं ते दाबूनच काढा, नुसती ओढली तर पोर्टची वाट लागते!! आणि कार्डाचा एचडीएमआय मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला जोडायचा असेल तर साधी केबल चालत नाही, अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच (सिग्नल बदलून देणारा अडॅप्टर) लागतो. मग पीसी चालू करून विंडोज की आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा, म्हणजे सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा डेस्कटॉप होतो. माउस उलट्या बाजूने बाहेर जात असेल तर डिस्प्ले सेटिंगमधे १, २ चे चौकोन ओढून टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसे लावा.