नवखी फौजदार, सीरियल किलर आणि पुणे: पहिली क्राइम कादंबरी लिहिताना या चुका टाळा

पहिल्या प्रकरणात पाऊस, दुसऱ्यात प्रेत आणि तिसऱ्यात नोकरीला महिनाही न झालेली फौजदार थेट आयुक्तांच्या केबिनमध्ये उभी राहून ठणकावते, "सर, हे सगळे खून एकाच माणसाने केलेत." पुण्यात घडणाऱ्या नवोदितांच्या क्राइम कादंबऱ्यांत हे दृश्य इतक्यांदा भेटतं की तिसरं प्रकरण न वाचताही सांगता येतं. खऱ्या आयुष्यात ही फौजदार आयुक्तांना दुरून बघते, तेही परेडला.

नवखी आहे ना, मग तिला नवखीच राहू द्या

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नायिका नवखी आहे असं मलपृष्ठावर छापायचं आणि आत तिच्या हाती सगळा तपास सोपवायचा. खुनाचा तपास साधारणपणे निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. प्रकरण गाजलं की गुन्हे शाखेचं युनिट उतरतं. एमपीएससी देऊन, नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन आलेल्या नव्या उपनिरीक्षकाच्या, म्हणजेच फौजदाराच्या, वाट्याला येते ती रात्रपाळी, नाकाबंदी, वॉरंट बजावणी, बंदोबस्त आणि कुणालाच नको असलेले ए.डी.चे कागद.

इथेच लेखकाची लॉटरी आहे आणि बहुतेक जण ती फाडून टाकतात. ए.डी. म्हणजे अकस्मात मृत्यू. कुणी पाण्यात सापडलं, कुणी खोलीत मरून पडलेलं आढळलं आणि कारण लगेच कळलं नाही, की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, ससून रुग्णालयात शवविच्छेदन होतं, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला जातो आणि फाइल कपाटात जाते. तुमच्या खुन्याचे पहिले दोन बळी खून म्हणून नोंदलेच गेले नसतील तर? एक ए.डी. सिंहगड रोडला, दुसरी खडकला. दोन ठाणी, दोन वेगळे अधिकारी, दोन्ही फाइली थंड. तिसरी फाइल तुमच्या फौजदारीणबाईंच्या टेबलावर येते, कारण त्या नव्या आहेत. आता त्यांचा नवखेपणा हेच कथानकाचं इंजिन झालं. जुन्या माणसाने ते कागद उघडलेच नसते.

हे पुण्यात घडलेलंही आहे. चार कॉलेजतरुणांनी केलेल्या खूनमालिकेचा जोशी-अभ्यंकर खून खटला घ्या. त्यातला पहिला खून जानेवारी १९७६ मधला. पण बळी गेलेला मुलगा वर्षभराहून जास्त काळ नुसता बेपत्ता होता. त्याचा मृतदेह पिंपात घालून सारसबाग-पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलेला होता, हे उघड झालं १९७७ मध्ये, आरोपी सापडल्यावर. मधल्या काळात शहर त्याच टोळीच्या पुढच्या खुनांनी हादरलं होतं. संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत होते आणि या मालिकेची सुरुवात कुठे झाली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालिका मधूनच उघडकीला येते. पहिला खून 'खून क्रमांक एक' अशी पाटी लावून येत नाही.

नवखेपणा बोलण्यातही दिसू द्या. ठाण्यातला पन्नाशीचा हवालदार तिला 'मॅडम' म्हणतो, पण शिकवतो तोच. "मॅडम, हात नका लावू. आधी पंच बोलवा." एवढ्या एका वाक्यात दोघांचं नातं उभं राहतं. त्यासाठी तिच्या बालपणाचा तीन पानी फ्लॅशबॅक लागत नाही.

आणि खासगी गुप्तहेर नायक असेल तर एक लक्षात ठेवा: त्याला पोलिसांसारखा अटकेचा, झडतीचा किंवा खुनाच्या तपासाचा कायदेशीर अधिकार नाही. पोलीस स्वतःहून फाइल उघडून त्याच्यासमोर ठेवतात ते फक्त कादंबरीत.

खुनी इतका हुशार का?

बुद्धिबळ खेळणारा, ज्ञानेश्वरी पाठ असलेला, प्रत्येक प्रेताशेजारी कोडं सोडणारा खुनी. कंटाळा आला. जोशी-अभ्यंकर खटल्यातले आरोपी, जक्कल आणि त्याचे साथीदार, अभिनव कला महाविद्यालयातली मुलं होती. नायलॉनच्या दोरीने गळे आवळायचे आणि घरातला ऐवज न्यायचा, यात कोडंबिडं काही नव्हतं. मार्च १९७७ मध्ये शेवटच्या बळीचा मृतदेह लोखंडी शिडीला बांधून नदीत टाकला, तो बंडगार्डनजवळ वर आला आणि सूत्रं जुळायला लागली. चौकशीत जबाब एकमेकांशी जुळेनात, पुढे सोबतचाच एक जण माफीचा साक्षीदार झाला. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या प्रकरणातली खरी भीती होती ती त्यांच्या सामान्यपणात. ही मुलं रोज कँटीनला दिसत होती.

सीरियल किलर रामन राघवचं उदाहरण मुंबईचं, पण नवख्या तपासकर्त्याची कथा लिहिणाऱ्याने अभ्यासावं असं. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याला रस्त्यात ओळखून पकडलं ते ॲलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने. त्याआधीही तो एकदा पोलिसांच्या हाती लागून सुटला होता. म्हणजे उत्तर जुन्या रेकॉर्डमध्ये होतं आणि नजर होती कनिष्ठ अधिकाऱ्याची. (रामन राघवचा शेवट मात्र पुण्यात झाला, १९९५ मध्ये, ससूनला.)

पोस्टकार्डावरचं पुणे

शनिवारवाड्यासमोर प्रेत ठेवू नका. तिथे रात्रीही कुणीतरी असतंच, आणि वाचकाने ते शंभरदा पाहिलंय. शहराचा उपयोग यंत्रणेसारखा करा. मुठेत मे महिन्यात प्रेत वाहून जात नाही, चिखलात अडकतं. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि तिथला पुरावाही जातो. शहराच्या पोटातून हडपसरकडे जाणारा कालवा तर कुणी लेखक वापरतच नाही! प्रेत एका ठाण्याच्या हद्दीत पडतं आणि दुसऱ्याच्या हद्दीत सापडतं. मग 'हद्द तुमची की आमची' यावर जो वेळ जातो, तेवढ्यात खुनी जेवून झोपतो. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, हेही विसरू नका. वाकडला सापडलेलं प्रेत आता पुणे पोलिसांचं नाही.

कागदावरच्या चुका

कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३, त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहितेचं जुनं ३०२. तुमची मालिका ही तारीख ओलांडत असेल तर पहिल्या खुनाला एक कलम आणि पुढच्याला दुसरं. कोर्टातलं प्रकरण लिहिताना याने मजा येते. नव्या फौजदारी कायद्यांत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक आहे. त्यामुळे 'पुरावा पोलिसांनी पेरला' हे वळण जुन्या पद्धतीने आता चालणार नाही.

डीएनएचा अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. प्रयोगशाळा गणेशखिंडीत असली तरी नाही.

शेवटच्या प्रकरणात खुनी दहा पानं कबुली देतो, ती तर काढाच. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरत नाहीत. ग्राह्य असतं ते फक्त तेवढंच विधान, ज्याच्यामुळे एखादी वस्तू सापडते. म्हणून खुन्याने फक्त सांगावं, "दोरी कालव्याच्या कडेला पुरलीय, दाखवतो." मग पंच, त्या विधानाचा मेमोरंडम पंचनामा, कुदळ. भाषणापेक्षा हे जास्त थरारक आहे.

मधली शंभर पानं रेंगाळत असतील तर

बहुतेक लेखक इथे आणखी एक खून घालतात. करू नका. चौथ्या प्रेताने वाचक दचकत नाही, मोजतो. त्याऐवजी नायिकेचा वेळ काढून घ्या. विसर्जन मिरवणूक गेली काही वर्षं २४ तासांहून जास्त चालते आणि त्या काळात जवळपास सगळं पोलीस दल रस्त्यावर असतं. दुवा हाती लागलाय, संशयित रात्री शहर सोडणार आहे आणि तुमची फौजदार अलका टॉकीजच्या चौकात गर्दीला दोरखंड लावून उभी आहे. ढोलांत फोनही ऐकू येत नाही.

तरीही गाडी हलत नसेल तर दुखणं बहुधा वेगळं असतं: खुनी अजून पुस्तकात आलेलाच नाही. पान २८० वर प्रथमच भेटणारा माणूस खुनी निघाला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबरच असतं. त्याला पहिल्या पन्नास पानांत आणा, पण कामात गुंतलेला असा. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करणारा पंच हा उत्तम उमेदवार आहे. त्याचं नाव फाइलमध्ये असतं आणि ते कुणी वाचत नाही, लेखकसुद्धा. फक्त दोन वेगळ्या ठाण्यांच्या हद्दीत तोच माणूस पंच कसा, याचं साधं कारण आधीच ठरवून ठेवा. खासगी रुग्णवाहिका चालवणारा असेल तर चालेल, तो सगळ्या हद्दींत फिरतो. आणि त्याला पहिल्या भेटीत काहीतरी किरकोळ विचारू द्या, "मॅडम, सही कुठं करायची?"