नीटच्या सराव पेपरात गुण कुठे गळतात?

पेपरमागून पेपर सोडवूनही गुण त्याच आकड्यावर अडकलेत? मग नवा पेपर घेण्याआधी जुन्यातली चुकलेली उत्तरं काढा आणि प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा.

न – येतच नव्हतं
घ – येत होतं, घाईत चुकलं
अ – अंदाजपंचे ठोकलं

आधी 'घ' मोजा. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे अशा एकेका प्रश्नामागे ५ गुणांचा फरक, तोही नवा धडा न वाचता! यातले बरेच प्रश्न 'अयोग्य विधान कोणते?' छापाचे किंवा एकक बदलायचं राहिलेले निघतात. वाचतानाच 'अयोग्य', 'नाही', 'वगळून' या शब्दांना गोल करायची सवय लावा.

'न'साठी एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातलं त्या प्रश्नाचं पान उघडा. जाडजूड गाइड नंतर. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, तिथे तर हे पुस्तक ओळ न ओळ वाचलेलं हवं.

अंदाजाने बरोबर आलेलं उत्तरही 'अ'च. त्यासाठी सोडवतानाच बारीक खूण करून ठेवा.

फक्त 'घ' लिहिताना लबाडी नको. सूत्र आठवलंच नसेल, तर ते 'न'.