मण्यांचे दागिने करताना या चुका टाळा : साहित्य, जोडणी आणि नमुन्याची निवड

हाताने ओवलेली माळ सहसा मधोमध तुटत नाही. ती हुकाजवळ तुटते, पदकाच्या कडीपाशी तुटते, किंवा धातूच्या मण्याची कड दोऱ्यावर घासत राहिलेली असते तेथे तुटते. म्हणून तुटलेली माळ दुरुस्तीला हाती आली की घरंगळलेले मणी गोळा करण्याआधी दोऱ्याचे टोक उजेडात धरून पाहावे. टोक पिंजलेले असेल तर एखाद्या मण्याच्या भोकाची कड धारदार आहे. टोक कापल्यासारखे सरळ असेल तर क्रिंप मणी (दोऱ्याचे किंवा तारेचे टोक धरून ठेवण्यासाठी पकडीने दाबायचा धातूचा छोटा मणी) गरजेपेक्षा जोरात दाबला गेला असावा. दोरा शाबूत असून गाठ सुटली असेल, तर त्या दोऱ्याला ती गाठ मानवत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत घरी दागिने करून सणासुदीच्या प्रदर्शनांत मांडणाऱ्या अनेक जणी आहेत. त्यांची रंगांची जाण बहुधा चांगली असते, दागिना फसतो तो जोडणीत. पारंपरिक दागिन्याचे रूप आपण उचलतो, पण तो कसा गाठवलेला आहे हे पाहायचे राहून जाते.

दोरा सर्वांत शेवटी निवडणे

मुंबईत भुलेश्वरला किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेल्यावर नजर आधी मण्यांच्या लडींवर जाते, आणि दोरा घरात जो असेल तो वापरला जातो. सर्वाधिक दुरुस्त्या याच सवयीतून निघतात. दोरा ठरवताना मण्याचे भोक केवढे, माळेचे वजन किती आणि ती गळ्यावर कशी पडायला हवी, या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी पारदर्शक दोरा, स्वस्त असतो आणि त्याला सुई लागत नाही, म्हणून नवशिक्या हाती तोच येतो. मात्र रिळावरचा वेटोळा त्याच्या अंगात राहतो, उन्हाने तो कडक होतो आणि त्याची गाठ घसरते. तोरणाला तो चालेल, गळ्यातल्या माळेला नाही. बारीक काचमण्यांच्या विणकामाला नायलॉनचा मणीदोरा किंवा मासेमारीसाठी निघणारा विणीचा दोरा घ्यावा. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे ओवण्यापूर्वी तो दोन्ही हातांनी ओढून घ्यावा. अन्यथा आठवडाभर वापरल्यावर माळेत मण्यांच्या मध्ये दोरा दिसू लागतो आणि करणारीला वाटते की मणी कमी पडले.

जड काच, अकीक (अ‍ॅगेट हा कठीण दगड) किंवा धातूचे मणी असतील तर गियर वायर हवी. या तारेच्या आत पोलादाच्या अनेक बारीक तारा वळलेल्या असतात आणि वर नायलॉनचे आवरण असते. आतल्या तारा 7, 19 किंवा 49 असतात. संख्या वाढेल तशी तार मऊ पडते आणि तिची किंमतही वाढते. सात तारांची वायर एकदा मुडपली की तो मोड जात नाही, आणि पुढे तेथेच ती तुटते. ज्या माळेला गळ्यावर लवचिकपणे पडायचे आहे तिच्यासाठी 49 तारांचा खर्च करावा. हातातल्या कडक कंगनाला सात तारा पुरतात.

क्रिंप मणी नुसता चपटा करणे ही सवयही सोडावी. त्याच्या खास पकडीला दोन खाचा असतात: पहिल्या खाचेत मण्याला मधोमध पन्हळ पडते आणि तारेचे दोन पदर वेगळे होतात, दुसऱ्या खाचेत तो दुमडून गोल होतो. दाबण्यापूर्वी हे दोन पदर मण्यात एकमेकांवर चढलेले नाहीत याची खात्री करावी. माळ हुकापर्यंत ठासून ओवू नये. दोन-तीन मिलिमीटरची सैल जागा ठेवली नाही तर माळ वळताना सगळा ताण क्रिंपवर येतो.

इलॅस्टिकच्या बांगड्यांमध्ये चूक गाठीची असते. साधी दुहेरी गाठ इलॅस्टिकमधून सरकते; पहिला वेढा दोनदा घेऊन मारलेली गाठ टिकते. गाठीवर झटपट चिकटणारा पातळ डिंक टाकू नये. तो वाळल्यावर इलॅस्टिक ठिसूळ होते आणि शेजारच्या मण्यांवर पांढरी साय धरते. वाळल्यावरही लवचीक राहणारा दागिन्यांचा डिंक सुईच्या टोकाने लावावा आणि गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्यावी.

माप घेताना मण्याची जाडी विसरणे

मनगट 16 सेंटिमीटरचे आहे म्हणून 16 सेंटिमीटर मणी ओवले आणि बांगडी मनगटावर चढेचना, ही तक्रार नेहमीची आहे. दोरा मण्याच्या मध्यातून जातो, मनगटाला मात्र मण्याची आतली बाजू टेकते. दोहोंतला फरक मण्याच्या जाडीच्या सुमारे 3.14 पट असतो. चार मिलिमीटरचे मणी असतील तर सव्वा सेंटिमीटर वाढवावे लागते, दहा मिलिमीटरचे असतील तर तीन सेंटिमीटरहून थोडे अधिक. आणि सैलपणासाठी लागणारी जागा त्यावर आणखी. चिंचपेटीसारखा गळ्यालगत बसणारा दागिना मोठ्या मण्यांत करायचा असेल तर हाच हिशेब मानेलाही लावावा.

मण्याचा क्रमांक आणि लॉट न पाहणे

बारीक काचमण्यांत क्रमांक वाढतो तसा मणी लहान होतो: 6 नंबर सुमारे चार मिलिमीटर, 8 नंबर सुमारे तीन, 11 नंबर दोनच्या जरासा वर. जपानी नळीच्या आकाराचे मणी एकसारखे कापलेले असल्यामुळे सपाट विणीला उत्तम असतात. आपल्याकडील काचमण्यांत जाडी थोडी कमी-जास्त निघते, ती पदरांच्या माळेत शोभून दिसते आणि विणीच्या पट्टीत मात्र कड वाकडी करते. माल वाईट नाही, तो चुकीच्या कामाला लावला जातो एवढेच. रंगाचा लॉट, म्हणजे एका वेळी तयार झालेला माल, बदलला की छटाही बदलते, म्हणून लागेल त्याहून थोडा जास्त माल एकाच वेळी घ्यावा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सारखे दिसलेले दोन गुलाबी रंग दारात नेल्यावर वेगळे दिसू शकतात. लडी उचलून बाहेर नेऊन पाहण्याचा संकोच करू नये.

कच्चा रंग, घाम आणि दमट हवा

फिरोजा म्हणून विकला जाणारा स्वस्त दगड पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट असतो. हाउलाइट मुळात पांढरा असतो आणि त्यात करड्या रेषा असतात, त्यामुळे निळा रंग दिला की तो हुबेहूब फिरोज्यासारखा दिसतो. तो वापरण्यास हरकत नाही, पण ग्राहकाला तसे सांगावे आणि त्याआधी एक मणी नेलपेंट काढण्याच्या द्रवात भिजवलेल्या कापसावर घासून पाहावा. कापूस निळा झाला तर हाच रंग पांढऱ्या साडीच्या काठावरही उतरू शकतो. मुलामा दिलेल्या काचेच्या मोत्यांवर हा प्रयोग केल्यास त्यांचा थर निघेल. त्यांच्यासाठी ओल्या कापडाची परीक्षा पुरेशी आहे.

जून ते सप्टेंबर या काळात ठाण्यात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, तेथे पितळी कड्या चकचकीत राहतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. पितळ आणि तांब्यावर घामाने हिरवट थर येतो, तर चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. मुलामा अतिशय पातळ असेल तर आतला धातू काही महिन्यांतच वर दिसू लागतो. दागिने झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत, पण मोती मात्र हवाबंद ठेवू नयेत.

कानातल्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. कानाला खाज सुटते, लाली येते किंवा पाणी सुटते, त्यामागे बहुधा निकेल असते. युरोपीय संघात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. बाकीचा दागिना कितीही साधा असला तरी कानात अडकवायची तार 92.5 टक्के चांदीची किंवा टायटॅनियमची वापरावी.

मोती आणि अकीक एकाच पदरात शेजारी ओवणे ही दिसायला देखणी पण मोत्याला महाग पडणारी जोडी आहे. अकीकाचा कठीणपणा मोहस मापावर (खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या 1 ते 10 च्या श्रेणीवर) 6.5 ते 7, मोत्याचा सुमारे 2.5 ते 4.5. गुजरातेतल्या खंबातचा अकीक प्रसिद्ध आहे आणि स्वस्तही मिळतो, पण त्याच्या शेजारच्या मोत्याची चमक घासून जाते. मध्ये गाठ घ्यावी किंवा दोघांना वेगळे पदर द्यावेत.

नमुना नुसता डोळ्यांनी उचलणे

पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणारा कारागीर, माळ गाठवतो तेव्हा मोत्या-मोत्यांमध्ये घेतलेली गाठ केवळ शोभेची नसते. दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटावा आणि मोत्याला मोती घासू नये, हे काम ती करते. तन्मणीत अनेक पदर एका खोडाला, म्हणजे मधल्या पदकाला, येऊन मिळतात. ते सगळे एकाच कडीत कोंबले तर पदर पिळून एकमेकांवर चढतात आणि खोड तिरपे होते. चिंचपेटीच्या पेट्यांना वर-खाली समांतर भोके असल्यामुळेच त्या गळ्यावर उताण्या होत नाहीत. फोटो पाहून एका दोऱ्यात ओवलेली चिंचपेटी पहिल्याच समारंभात उलटी फिरते, आणि दोष मात्र पेट्यांच्या मालाला दिला जातो. ठुशीला मागे सरकत्या गाठीची दोरी असते. वेगवेगळ्या गळ्यांना एकच दागिना बसवण्याची इतकी सोपी युक्ती असताना आपण पाच मापांचे हूक का साठवतो, हे कळत नाही.

रंगांसाठी दूर जावे लागत नाही. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उतरतात. 2022 मध्ये या खाडीला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा) मिळाला. ‘फ्लेमिंगो माळ’ म्हणून जे विकले जाते त्यात गडद गुलाबी, पांढरा आणि काळा हे तिन्ही रंग समसमान असतात, आणि तीच चूक आहे. चिखलात उभा असलेला रोहित बराचसा पांढुरका, फिकट गुलाबी दिसतो. किरमिजी आणि काळा रंग तो पंख उघडतो तेव्हाच ठळकपणे समोर येतो. माळेतही फिकट मणी भरपूर ठेवून किरमिजी आणि काळे मणी एका बाजूच्या दोन पदरांतच घातले, तर मान वळल्यावर ते दिसतील.

असा बेत आखल्यावर लगेच पूर्ण माळ ओवायला घेऊ नये. सर्व पदरांचा तीन इंची तुकडा ओवून गळ्याशी धरावा, पदर पिळतात का ते पाहावे आणि मगच मालाचा हिशेब करावा. 11 नंबरचे मणी एका ग्रॅममध्ये साधारण 110 येतात आणि 45 सेंटिमीटरच्या एका पदराला सुमारे 300 लागतात. म्हणजे पाच पदरी माळेला 15 ग्रॅम पुरतात, आणि भोक बुजलेले किंवा तुटके मणी वगळावे लागतात म्हणून 20 ग्रॅम घेतलेले बरे.